बावखलाकडून

१

कुत्र्याला चालतं म्हणून ते घर निवडलं होतं. मीराला चालतं का, हे विचारायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती.

सुधाकरनं मोबाइलवरची जाहिरात वाचून दाखवली ती कोकोला. मीरा तिथंच पोळ्या लाटत होती म्हणून तिच्याही कानावर पडली. 'वटारच्या वाडीत, वसईच्या किल्ल्यापासून जवळ, स्वतंत्र कौलारू घर. आपल्या लाडक्या कुत्र्यासह या. स्वयंपाक आपला आपण करावा.'

"ऐकलंस का रे कोक्या? तुला आवतण आलंय," सुधाकर म्हणाला. कोकोनं शेपटी फरशीवर आपटली. 'आपला आपण' यातला 'आपण' कोण, हे तिघांनाही ठाऊक होतं.

कोको मूळचा उन्नतीचा. लेक नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि हा पिवळट, थोराड लॅब्रॅडॉर विरारच्या फ्लॅटमध्ये आईबापांच्या गळ्यात पडला. सुधाकरनं आधी आकाशपाताळ एक केलं, मग नाही नाही म्हणता त्याला कुत्र्याचा असा लळा लागला की बघत राहावं. ज्या माणसाच्या जिभेवर बायकोसाठी बारा महिने कारलं, तो कुत्र्याशी बोलायला लागला की तीच जीभ साखरेत घोळून यायची. माझ्या सोन्या, माझ्या राजा, जेवलास का रे. मीरा ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. कुत्र्याचा हेवा वाटावा अशी वेळ माणसावर येऊ नये, पण तिच्यावर आली होती.

एक सांगून ठेवतो. मीरानं नवऱ्याला नावानं कधी हाक मारलेली नाही. साताऱ्याकडच्या जुन्या वळणाच्या घरातली ती. लग्नात उखाण्यात नाव घेतलं, डोहाळजेवणात घेतलं आणि पुढे तीस वर्षं 'अहो'वर भागवलं. परक्यांपाशी 'हे', नाहीतर 'उन्नतीचे बाबा'. आपल्याला तसलं सोवळं नाही. आपण त्याला सरळ सुधाकर म्हणू.

तर शनिवारी सकाळी गाडी निघाली. विरारच्या इमारती मागे पडल्या, आगाशी, नंदाखाल करत वटार आलं. पुढच्या सीटवर कोको बसला होता आणि मागच्या सीटवर कुकर, पोळपाट, मसाल्याचा डबा आणि मीरा.

घराची मालकीण क्लेमेंटीन. सत्तरीपुढची, कडक इस्त्रीच्या झग्यातली, जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. गावात सगळे तिला टीचर म्हणत. पुढच्या घरात ती राहायची आणि मागचं बैठं घर पाहुण्यांना द्यायची. जाहिरात वगैरे तिचा मुलगा फेबियन बघायचा.

तिनं खोल्या दाखवल्या, गॅस दाखवला, मग मागचं दार उघडलं. पुढे केळीची दाट बाग आणि तिच्या मधोमध बावखल. वसईच्या वाड्यांतून असतं तसं गोड्या पाण्याचं खोलगट तळं, बागेसाठी वाडवडिलांनी खणलेलं. काठानं माड होते. पाण्यावर हिरवी साय धरली होती आणि ती अजिबात हलत नव्हती.

"फिरा खुशाल. कुत्र्याला सोडा मोकळं," टीचर म्हणाली. "फक्त एक. संध्याकाळी बावखलाकडून कुणाला घरात बोलवायचं असलं, तर नावानं हाक मारायची. नुसतं ए, अरे, या हो, असं नाही. नाव घ्यायचं."

सुधाकर हसला. "का? नाव नाही घेतलं तर मगर येते?"

"आमच्या सासूबाईंनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगते," टीचर म्हणाली. ती हसली नाही. वाकून तिनं कोकोचं डोकं थोपटलं. "कुत्र्याचं बरं असतं. त्याला सगळे नावानंच बोलावतात."

२

सुट्टीत बाईचा ओटा बदलतो, बाकी काही बदलत नाही. मीरानं परक्या गॅसवर डाळ-भात टाकला, वांग्याची भाजी केली. सुधाकरनं पहिला घास घेतला आणि ताट दोन बोटांनी पुढे सारलं.

"मीठ घातलंयस का यात? सगळा जन्म गेला ओट्यापुढे, अजून अंदाज येत नाही. तुला काय कळतं म्हणा."

मीठ होतं. मीरानं मिठाची वाटी पुढे ठेवली. वाद घालायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. कोकोला मात्र त्यानं आपल्या ताटातला भात कालवून, फुंकर मारून, हातानं भरवला.

दुपारी तो झोपला. उन्हं उतरल्यावर उठला, पायांत चामड्याच्या चपला सरकवल्या आणि कोकोला घेऊन बावखलाकडे गेला. त्याच्या तळपायांना कुरुपं होती, अनवाणी तो न्हाणीघरातसुद्धा जात नसे. जीभ टाळूला लावून तो कुत्र्याला बोलवायचा तो आवाज, टॉक् टॉक्, टॉक् टॉक्, केळीतून लांब लांब जात राहिला. मीरा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. चला, तासभर तरी घर आपलं, असं तिच्या मनात आलं आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली. चहाला आधण आलं. बागेत अंधारायला लागलं होतं, पण आभाळात अजून उजेड होता. मीरा मागच्या दारात आली, पदराला हात पुसले आणि तीस वर्षांच्या सवयीनं हाक मारली.

"अहो! चहा झालाय. या आत."

हाक तोंडातून गेली आणि टीचरचं बोलणं आठवलं. ती जराशी थबकली. पण आता काय त्याचं, सासूनं सांगितलेल्या गोष्टी, म्हातारीच्या.

केळीतून उत्तर आलं, "आलो हं."

मीरा दारातच उभी राहिली. पहिल्या हाकेला ओ द्यायची सुधाकरची रीत नव्हती. तिसऱ्या हाकेला तो 'कानाशी बोंबलू नकोस' असं म्हणायचा. 'आलो हं' हे दोन शब्द तिनं या माणसाच्या तोंडून ऐकल्याचं तिला आठवेना.

३

तो आला. पायरीशी थांबला, पायपुसण्यावर पाय नीट पुसले, एक झाला की दुसरा. पाय अनवाणी होते.

"चपला कुठायत?" मीरानं विचारलं.

त्यानं पायांकडे पाहिलं. "राहिल्या वाटतं."

पडवीतल्या बाजेवर बसून त्यानं दोन्ही हातांनी कप धरला, घोट घेतला आणि मीराकडे पाहून म्हणाला, "छान झालाय."

मीराचा स्वतःचा कप हातातच राहिला. टोमणा असेल म्हणून तिनं पुढच्या वाक्याची वाट पाहिली. पुढचं वाक्य आलंच नाही. तो चहा पीत राहिला, मधूनमधून तिच्याकडे बघत, नव्यानं आलेला पाहुणा बघतो तसा. मीरानं मनातल्या मनात कारणं शोधली. हवापालट झाला. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झालीय. वय झालं, माणूस मऊ होतो. कारणांना काय तोटा?

"कोको कुठं राहिला?"

"येईल की."

मीरा पुन्हा दारात गेली. "कोको! ये बाळा, कोको!"

कोको धावत आला. अंगणापर्यंत आला, पडवीत बसलेल्या माणसाकडे त्यानं पाहिलं आणि चारही पाय रोवून उभा राहिला. तो भुंकला असता तर मीराला बरं वाटलं असतं. त्यानं मान खाली घातली, मानेवरचे केस उभे राहिले, शेपटी पोटाशी गेली. मग तो हळूच वळला आणि आला तसा केळीत निघून गेला.

"जाऊ दे त्याला," पडवीतला माणूस म्हणाला.

ज्याला कोको दोन खोल्यांपलीकडे दिसेनासा झाला तरी चैन पडत नसे, तो हे म्हणाला. जेवणं झाल्यावर त्यानं ताटं उचलली. मीरा नको नको म्हणत असताना घासली आणि पालथी घालून ठेवली. फक्त प्रत्येक वेळी विचारलं, "हे कुठं ठेवायचं?" घर परकं होतं, म्हणून विचारत असेल. पण तिनं त्याच्या हातात त्याचा चष्मा दिला, तेव्हाही त्यानं तेच विचारलं.

मीरा आनंदात होती. लाज वाटण्याइतकी आनंदात होती, आणि भीती त्या आनंदाच्या पोटात गपगार बसून होती.

४

सकाळी पोह्यांसाठी तो तिच्याशेजारी कांदे चिरत होता. "असा बारीक? की उभा?" डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं असतं हे त्याच्या गावीच नव्हतं. तसंच गालावरून हनुवटीवर येऊन ठिबकत होतं.

बागेतून आवाज आला. टॉक् टॉक्. टॉक् टॉक्.

मीराचा हात फोडणीवरच थांबला. तिनं शेजारी पाहिलं. त्याचं तोंड मिटलेलं होतं.

"काय झालं?"

"तांबट असेल," ती म्हणाली. "तो पक्षी. असाच ओरडतो."

"हो का," तो म्हणाला आणि कांदा चिरत राहिला.

तांबट ओरडतो खरा. पण तांबट एका सुरात ओरडत राहतो. तो मध्येच थांबत नाही, थोडा वेळ जाऊ देत नाही, आणि कुणी आलं नाही म्हणून चिडल्यासारखा पुन्हा सुरू करत नाही. मीरानं गॅस बंद केला आणि कोकोसाठी पोळी घेऊन बागेत गेली.

बावखलाच्या काठी कोको बसला होता. त्याच्यापुढे सुधाकरच्या चपला होत्या. टाचा पाण्याकडे, बोटं घराकडे, अंतर बरोबर एका उभ्या माणसाचं. कोको चपलांच्या वरती, माणसाचं तोंड जिथं असेल तिथं बघत होता आणि त्याची शेपटी ओल्या मातीवर मजेत डावी-उजवी होत होती.

"कोको," तिनं हाक मारली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, ओळख दिली आणि पुन्हा वर पाहायला लागला. पोळीला त्यानं तोंड लावलं नाही.

मीरानं वाकून एक चप्पल उचलली. रात्रभर दंवात पडलेली चप्पल गार लागायला हवी होती. ती आतून उबदार होती, नुकताच पाय काढल्यासारखी. मीरानं ती होती तिथं, होती तशी ठेवली. आणि आपण कुणाच्या अगदी जवळ उभ्या आहोत असं वाटून ती मागे सरली. पाठ न फिरवता, देवळातून निघावं तशी.

५

घरात बसवेना, म्हणून तिनंच किल्ल्यावर जायचं काढलं. "चल की," तो म्हणाला. गाडीत ती पुढच्या सीटवर बसली. गाडी त्यानं हळू चालवली, आणि वळणं तिला विचारून घेतली.

किल्ल्यात छप्पर उडालेल्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. त्यांच्या कमानींतून लग्न ठरलेली पोरंपोरी फोटो काढून घेत होती. कुणी मागे फुगे धरलेले, कुणी पोरीच्या झग्याचा घोळ उडवायला पळणारे. ती दोघं एका ढासळलेल्या पायरीवर सावलीत बसली. त्यानं तिचा हात हातात घेतला. हात कोरडा होता, ऊन होता, हाताला काही खोट नव्हती.

"मी कसा आहे गं?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"तुझ्याशी. कसा वागतो, काय बोलतो. सांग ना."

आता बघा, तीस वर्षांत कुणी या बाईला हा प्रश्न विचारला नव्हता. तिच्या आईनं नाही, लेकीनं नाही. मीरा आधी हसली, मग म्हणाली, "जाऊ द्या." मग तिचा बांध फुटला. पहिल्या दिवाळीला चकल्या मऊ पडल्या म्हणून सगळ्यांदेखत ताट कसं सरकवलं. 'तुला काय कळतं' हे वाक्य दिवसातून कितीदा. भाऊ भेटायला आला की पेपरात तोंड खुपसून बसणं. ती तापानं पडली की 'ताप आला की नाटकं सुरू' म्हणणं. तिनं गाणं शिकायचं म्हटलं तेव्हा 'भांड्यांचा आवाज काय कमी आहे घरात' असं म्हणालेलं. ती बोलत राहिली, रडत राहिली, नाक पुसत राहिली.

तो ऐकत होता. इतकं मन लावून तिचं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. मध्येच तो तिला थांबवायचा.

"ते कसं म्हणतो? पुन्हा सांग."

"'तुला काय कळतं.' असं. बघायचंसुद्धा नाही माझ्याकडे."

"तुला काय कळतं," तो हळूच म्हणाला.

"छे, असं नाही. नाकातून. तुटक."

त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं. या वेळी इतकं हुबेहूब आलं की मीराला हसू फुटलं. तोही हसला. आपलं वागणं त्याला टोचतंय, पश्चात्ताप होतोय, असं ती धरून चालली. माणसाला जे हवं असतं ते तो धरून चालतो, त्याला मीरा तरी काय करणार?

६

परत आल्यावर तो आत सामान बांधायला गेला. टीचर आपल्या अंगणात आबोलीला पाणी घालत होती. तिनं त्याला पडवीच्या पायऱ्या चढताना पाहिलं आणि झारी खाली ठेवली.

ती मीराजवळ आली. "काल हाक कशी मारलीत?"

मीरानं मान खाली घातली. टीचरनं वर्गात उत्तर न आलेल्या मुलीकडं पाहावं तसं तिच्याकडं पाहिलं, रागानं नाही.

"जायच्या आधी तिकडं जा. नाव घेऊन एकदा बोलवा."

"ते अजून..."

"कुठं जातील? कुणी बोलावलं पाहिजे ना."

"आणि हे?" मीरानं पडवीकडे हात केला.

टीचरनं तिकडं मान वळवली नाही. "नावानं हाक मारलीत, की तुमच्याकडे एकच माणूस असेल," ती म्हणाली आणि छातीवर क्रूस काढला.

मीरा केळीतून गेली. भर उजेड होता, माडांच्या सावल्या पाण्यावर पडल्या होत्या. कोको कुशीवर पडला होता आणि त्याचा वरचा कान दुमडत होता, उलगडत होता, दुमडत होता. केळीच्या फाटक्या पानाखालून एक हात आलेला होता. तो कोकोचा कान खाजवत होता. मनगटाच्या मागे पान होतं आणि पानाच्या मागे काय होतं ते दिसत नव्हतं. हात तिच्या ओळखीचा होता. तीस वर्षं तिनं तो ताटाच्या कडेला पाहिला होता.

नाव जिभेवर येईना. सरळ कधी घेतलंच नव्हतं, तर येणार कुठून. म्हणून तिनं उखाण्याची वाट धरली. ओठातल्या ओठात सुरू केलं. पितळेच्या समईला कापसाची वात...

पानामागून आवाज आला. थकलेला, घसा बसलेला, पण त्याचाच. तो तिच्याशी बोलत नव्हता.

"आली बघ रे सोन्या, आपली मठ्ठ बाई. रात्रभर उभा ठेवला मला, आता तोंड शिवून उभी आहे. हिला काय कळतं राजा? तुला कळतं. तुला सगळं कळतं."

कोकोची शेपटी हलली.

त्यानं विनवणी केली असती तर? नुसतं 'मीरा' म्हटलं असतं तर? मीरानं पुढे कितीतरी वेळा स्वतःला हे विचारलं. त्या क्षणी तिला फक्त इतकंच समजलं, की घरात एक माणूस तिच्या साड्यांच्या घड्या घालतोय आणि तिला तो हवाय. या माणसापेक्षा हवाय. तो कोण आहे, काय आहे, याची चौकशी तिला करायची नाही.

"कोको, चल," ती म्हणाली. "घरी चल, बाळा."

कोकोनं डोकं उचललं, तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा त्या हाताखाली ठेवलं. पानामागचा आवाज एकदम थांबला. मीराला वाटलं, आता त्याला कळलं. ती वळली आणि भराभर चालायला लागली. पाठीमागून हाक आली नाही. हाक मारली तर ती येईल याची सुधाकरला खात्री नसावी, किंवा तो गर्व असेल. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिनं कानांत पदराचे बोळे घातले होते.

"आणि कुत्रा?" फाटक लावताना टीचरनं विचारलं.

"त्याला इथं आवडलंय," मीरा म्हणाली.

७

विरारला सगळ्यांना सांगितलं, कोको पळाला. उन्नती फोनवर हुंदके देऊन रडली. बापाला पडद्यावर बघून म्हणाली, "बाबा किती शांत झालेत गं." सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, निवृत्ती मानवली हो. दिवाळीपर्यंत मीरानं असा संसार केला, की आधीची वर्षं जणू कुणा दुसऱ्या बाईची होती.

मग एका दुपारी त्यानं ताट दोन बोटांनी पुढे सारलं.

"मीठ घातलंयस का यात?" नाकातून, तुटक. आणि लगेच मान वर करून तिच्याकडं पाहिलं, डोळे उजळलेले, गृहपाठ दाखवणाऱ्या पोरासारखे. "बरोबर आलं ना?"

"असं नका ना करू," मीरा म्हणाली. तिनं ताट परत त्याच्यापुढे ओढलं. "मला तसं नको होतं."

"पण मी असाच आहे ना? तूच सांगितलंस."

तिनं परोपरीनं समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला, तेव्हा तो पेपर उघडून बसला. 'बरोबर आलं ना' हे तो काही दिवस विचारत राहिला, मग विचारायचं बंद झालं. एकेक करत किल्ल्यातल्या पायरीवर सांगितलेलं सगळं घरात आलं, एक शब्द इकडचा तिकडे न होता. जुना सुधाकर निदान कधी विसरायचा, कंटाळायचा, एखाद्या दिवशी थकून गप्प बसायचा. हा थकत नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर मीराला ताप चढला. दुपारची वेळ, अंगावर दोन गोधड्या घेऊनही ती कुडकुडत होती. तापात माणसाला खरं-खोटं राहत नाही. तिला वाटलं, आता हे येतील. दर वेळी येत. 'ताप आला की नाटकं सुरू' असं करवादत येत, पण मिठाच्या पाण्याचं भांडं आणि जुन्या धोतराची पट्टी घेऊन येत, आणि ताप उतरेपर्यंत उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलत राहत. तोंडाचा पट्टा चालू आणि हात मात्र हलका. टायफॉइडमध्ये तर त्या माणसानं पाठ टेकली नव्हती. हे इतकं होतं, आणि किल्ल्यातल्या त्या पायरीवर तिला त्या हातांचं काही, काहीच आठवलं नव्हतं.

दारात पावलं वाजली. तो उंबऱ्यावर उभा होता, हात मोकळे.

"ताप आला की नाटकं सुरू," तो म्हणाला. अगदी बरोबर म्हणाला. हे वाक्य तिनंच सांगितलं होतं.

मीरानं वाट पाहिली. तो तिथंच उभा राहिला.

"कपाळावर पट्टी ठेवा ना," ती पुटपुटली. "ठेवता ना तुम्ही. नेहमी ठेवता."

तो विचारात पडला. आठवून पाहिल्यासारखं त्यानं वर पाहिलं, मग तिच्याकडं, अगदी मनापासून.

"हे तू सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला, आणि पंखा वाढवून बाहेर गेला.